रेषेपासून किती दूर

सान अंतोनियो, १४ ऑगस्ट

एदिसन,

हे पत्र तुला भाजक्या मक्याच्या पिशवीत, तळाशी सापडेल. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे आणि टपालावर माझा भरवसा नाही. शेजारच्या दुकानातल्या दोन्या तार्हेलिया दर महिन्याला आपल्या मुलीला स्पेनमध्ये मुर्सियाला खोकं पाठवतात. त्यांची ग्लादिस तुझ्या घरापासून दोन थांब्यांवर राहते म्हणे. मी पिशवी पुढे केली तेव्हा त्या भाजलेलं गिनिपिग वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चार वर्षांनी भाऊ आठवला होय गं? मला वाटलं तुमचं नातं तुम्ही पाहुण्यांना खिळ्यावर उभं करून दाखवता त्या अंड्यासारखं. एकदा पडलं की फडक्यानं पुसून टाकायचं."

मी कामाचं लिहिते. तू अजून परांचीवर काम करतोस का? किती मजल्यांपर्यंत चढतोस? गेल्या वर्षभरात किती वेळा पाय चुकला? शर्टाची बटणं लावायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का? डोळ्यांवर साबण असताना भिंत धरावी लागते का? 'ठीक आहे' असं लिहू नकोस. आकडे लिही.

आता कारण सांगते. मे महिन्यात मी पापांना कीतोला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या रक्ताचा अहवाल आठ दिवसांपूर्वी आला. मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा भाग असतो, तो त्यांचा झिजत चालला आहे. आधी पाय, मग हात, मग जीभ. थांबवणारं औषध नाही. आणि हे रक्तातून उतरतं. बापाला असेल तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता अर्धी. मुलं दोन आहेत, तू आणि मी.

म्हणून परांचीचं विचारलं.

दुसरी गोष्ट. चार वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी पापा पाण्याचं घमेलं घेऊन आपल्या संग्रहालयातल्या विषुववृत्ताच्या लाल रेषेवर आले, झोकांडी गेली आणि सगळं पाणी एका जर्मन बाईंच्या अंगावर पडलं. तू वीस पाहुण्यांसमोर म्हणालास, "माझा बाप भर दुपारी पिऊन उभा आहे." ते म्हणाले, "असेन. लाज वाटत असेल तर जा." सहा आठवड्यांत तू स्पेनला गेलास.

ते त्या दिवशी प्यायलेले नव्हते. मला तेव्हाच माहीत होतं.

हिमेना


सान अंतोनियो, ३ सप्टेंबर

एदिसन,

उत्तर आलं नाही. ग्लादिसनं पिशवी तुझ्याच हातात दिली, असं दोन्या तार्हेलिया सांगतात. त्या असंही म्हणाल्या की तू हल्ली कोबी-सॅलडच्या पाल्याच्या कारखान्यात असतोस, बसून पेट्या भरतोस. ग्लादिसची दुसऱ्या कोणाशी गल्लत झाली असणार.

मला कसं माहीत होतं ते लिहायचं राहिलं. त्या शनिवारी सकाळी पापांनी माझ्यासमोर हर्बल चहा घेतला होता, दुसरं काही नाही. चहा बशीत सांडत होता. त्याआधी महिनाभर ते खिळ्यावर अंडं उभं करायचं काम पाहुण्यांवर सोपवत होते. पूर्वी ते बोलता बोलता, माणसांकडे बघत एका हातानं अंडं उभं करायचे. मी हे सगळं पाहिलं होतं आणि तू दारू म्हणालास तेव्हा गप्प बसले. दारू सुटू शकते. म्हणून मलाही दारूच हवी होती.

डॉक्टरांच्या खोलीत काय झालं ते सांगते. डॉक्टर बास्तिदास बाई आहेत, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फरशीच्या सांध्याकडे बोट केलं. "या सांध्यावरून चाला. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत. हात बाजूला, डोळे मिटून."

पापा हसले. "डॉक्टरीणबाई, हा तर माझा धंदा. सव्वीस वर्षं मी लोकांना असंच चालवतोय."

"मग तुम्हाला सोपं जाईल."

"रेषेवर कोणालाच जमत नाही. दोन्ही गोलार्ध ओढतात ना. पण इथे रेषा कुठाय? इथे मी पळत जाईन बघा."

तिसऱ्या पावलाला ते पडले. मदतनिसानं काखेत हात घालून उचललं. मग डॉक्टरांनी त्यांना अंगठा आणि तर्जनी घट्ट जुळवायला सांगितलं आणि स्वतः ती सोडवून पाहिली. मग एक बारीक सुई भोकात घालायला दिली. मी खुर्चीत बसून बघत होते. आपल्या संग्रहालयातल्या पाच खेळांपैकी तीन त्या खोलीत होते. बोटांची ताकद, हाताचा नेम, सरळ रेषेत चालणं. फरक एवढाच की तिथे कोणी टाळ्या वाजवत नव्हतं.

आपल्याकडे रोज दीडशे माणसं डोळे मिटून त्या लाल रेषेवर चालतात आणि दीडशेंचा तोल जातो. ती रेषेची करामत नाही, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं होतं. विद्यापीठाच्या व्हरांड्यात मी वर्गातल्या चाळीस जणांना तसंच चालवलं होतं, चौतीस जणांचा तोल गेला. डोळे मिटले की असं चालणं कुठेही अवघड असतं. पण जिथे सगळेच झोकांड्या खातात, तिथे एका माणसाची झोकांडी कोणाला दिसणार? पापांना हा आजार दुसऱ्या कुठल्या कामात झाला असता तर दोन वर्षं आधी लक्षात आला असता.

मी रोज सकाळी सातला, माझ्या जमीनमोजणी कार्यालयात कोणी यायच्या आत, तिथल्या पडवीतून चालते. डोळे मिटून, वीस पावलं. तोल कितव्या पावलाला गेला ते वहीत लिहिते. गेल्या सोमवारपासून: २०, २०, १८, २०, १७, १५.

उत्तर पाठव.

हिमेना


सान अंतोनियो, २४ सप्टेंबर

एदिसन,

परवा विषुवदिन होता. गर्दी नेहमीसारखी. पोमास्कीहून एक शाळा आली होती, पाचवीचा वर्ग. मी सुट्टी काढली होती, कारण पापांना एकट्याला सोडायची मला भीती वाटते. त्यांना मी सांगितलं की कार्यालयाला सुट्टी आहे.

मुलं रेषेवर चालली, पडली, हसली. मग एक ठेंगणी मुलगी म्हणाली, "माएस्त्रो, तुम्ही चाला की. तुम्हाला तरी येतं का?"

"मला? मी रेषेचा जावई आहे गं बाई. ती मला सांभाळून घेते."

"मग दाखवा."

मी "पापा" म्हणून हाक मारली. त्यांनी ऐकली आणि डोळे मिटले. दुसऱ्या पावलाला उजवा गुडघा बाहेर गेला, चौथ्याला ते आडवे झाले आणि कपाळ सूर्यघड्याळाच्या दगडी कठड्यावर आपटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. पापा एका गुडघ्यावर उठले. भुवईतून रक्त डोळ्यात येत होतं. ते म्हणाले, "बघितलंत? किती जोर आहे ते?" आणि मागून एक मुलगा म्हणाला, "पुन्हा एकदा करा."

बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. सूर्य नेमका डोक्यावर होता. अंगणात साठ माणसं उभी आणि कोणाचीच सावली पडलेली नव्हती. मी कठड्यापर्यंत पोचायला किती वेळ घेतला ते मला सांगता येणार नाही. आकडा नाही असं हे एकच.

दुपारी मी त्यांना स्वयंपाकघरात बसवून जखम धुतली. पुलुलाहुआ ज्वालामुखीच्या बाजूनं धुकं उतरत होतं, खिडकीतून मक्याचं शेत दिसेनासं झालं होतं. पापांची जीभ आता जड झाली आहे, लांब वाक्याच्या शेवटी शब्द एकमेकांवर चढतात. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"रेषा माणसाला खाते, पोरी."

मी म्हटलं, "पापा, हे रक्तातून येतं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं तुम्हाला."

"डॉक्टरीणबाई कीतोच्या. त्यांना रेषेचं काय ठाऊक? तू शिकलेली आहेस, तूच बघ. माझा बाप याच जमिनीत नांगर धरून जन्मभर चालला. चाळिशीत वाकडा चालायला लागला. गाव दारुडा म्हणायचं. थेंब शिवला नव्हता त्यानं. आणि माझा भाऊ रिगोबेर्तो? एकोणिसाव्या वर्षी किनाऱ्यावर गेला, केळीच्या मळ्यात. आज एकाहत्तर वर्षांचा आहे, लग्नात नाचतो. बाप तोच, आई तीच. एक रेषेवर राहिला, एक लांब गेला. आणखी काय पुरावा हवा?"

त्यांची मांडणी चुकीची आहे, पण पुरावा म्हणून ती वाईट नाही. माझ्या हाताखालच्या कुणी अशी आणली असती तर मला खोडायला वेळ लागला असता. रिगोबेर्तोकाकांना अर्ध्या शक्यतेतलं चांगलं अर्धं मिळालं, एवढंच.

मग ते म्हणाले, "मला पाच वर्षांपूर्वीच कळलं होतं. पायाला. म्हणून तर एदिसनला घालवला."

"तो स्वतः गेला, पापा. तुम्हाला दारुडा म्हणून गेला."

"म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. आयतं कारण मिळालं. मी 'नाही' म्हटलं असतं तर तो इथेच राहिला असता, दिवसभर त्या रेषेवर उभा. चांगला पोरगा आहे तो. त्याला घालवायला वाईटच व्हावं लागलं." पुढे म्हणाले, "तुलाही घालवायला बघितलं. ग्वायाकीलची नोकरी घे म्हणून किती मागे लागलो. तू हट्टी. मग तुला पाहुण्यांसमोर येऊ दिलं नाही, आणि तुझा पलंग मागच्या खोलीत नेला. निदान झोपेत तरी लांब."

मला वाटत होतं, घमेल्यातलं पाणी रेषेच्या दोन बाजूंना उलटसुलट फिरवण्याची युक्ती मी एका पाहुण्याला समजावून सांगितली म्हणून त्यांनी मला काढलं. चार वर्षं मी त्या रागात होते.

"एदिसन सुटला," ते म्हणाले. "तेवढं एक काम मी नीट केलं."

तू हे वाचून काय करशील ते मला माहीत नाही. मी फक्त पोचवते आहे.

वहीतले आकडे: १४, १६, ११, १२.

हिमेना


सान अंतोनियो, २ नोव्हेंबर

न्यान्यो,

या नावानं तुला हाक मारून चार वर्षं झाली. आज मेलेल्यांचा दिवस. सकाळी आजोबांच्या थडग्यावर गेलो होतो. पापा आता एका बाजूनं मला आणि दुसऱ्या बाजूनं काठीला धरतात. मी जांभळी कोलादा थर्मासमध्ये नेली होती आणि बाहुलीच्या आकाराचे पाव. पापांनी पावाचं डोकं मोडून आजोबांसाठी ठेवलं आणि म्हणाले, "माफ कर रे म्हाताऱ्या. मीसुद्धा तुला दारुडाच समजायचो." दोन्या तार्हेलिया पलीकडे आपल्या नवऱ्याच्या थडग्याला रंग देत होत्या. त्या म्हणाल्या, "माझा खराच दारुडा होता. पण पडला कधी नाही. तुमच्या घराण्यात सगळं उलटंच." पापा हसले, तेव्हा त्यांना ठसका लागला आणि बराच वेळ थांबला नाही. गिळताना आता असं होतं. मी पाठ चोळत होते आणि सेकंद मोजत होते. चाळीस.

तुला आता एक गोष्ट सांगायची आहे, जी मी कोणालाच सांगितलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मी कार्यालयाचं यंत्र घरी आणलं होतं, उपग्रहांवरून जागा ठरवणारं. पापा चर्चमध्ये मिस्साला गेले होते. चार तास ते लाल रेषेवर उभं केलं. माझ्या मोजणीत चूक असली तर दोन-तीन सेंटिमीटरची. आपली रेषा विषुववृत्तावर नाही. खरं विषुववृत्त तिच्या उत्तरेला चौऱ्याहत्तर मीटरवर आहे, मक्याच्या शेताच्या टोकाला. मागची खोली तिथेच आहे. माझ्या उशीपासून पायापर्यंत कुठेतरी ते जातं. पापांनी मला ज्याच्यापासून लांब नेलं, बरोबर त्याच्यावर आणून झोपवलं.

तेव्हा मी हे लपवलं, कारण त्यांची सव्वीस वर्षं त्या रंगाच्या पट्ट्यावर उभी आहेत. पाहुण्यांच्या पासपोर्टवर जो शिक्का ते मारतात त्यावर शून्य, शून्य, शून्य लिहिलं आहे. आता कारण वेगळं आहे. मी सांगितलं की पापा, तुम्ही कधी रेषेवर नव्हताच, तर त्यांचा पुरावा पडतो. मग उरतं फक्त रक्त. आणि रक्तापासून मुर्सिया लांब नाही. ज्या एका गोष्टीवर ते रात्री झोपतात ती मी काढून घेईन. नाही सांगितलं तर ते स्वतःला दोष देत राहतील की मी पोरांना लहानपणी त्या रेषेवर खेळू दिलं. परवा विचारत होते, तू किती वर्षांची होईपर्यंत तिथे लंगडी खेळायचीस. मी म्हटलं नऊ. ते बोटांवर काहीतरी मोजत बसले.

मला ठरवता येत नाही. जमिनीच्या हद्दीचे वाद मी रोज सोडवते, दोन शेतकरी माझ्यासमोर कोयते घेऊन उभे असतात आणि माझा आवाज बदलत नाही. हे जमत नाही. तू सांग.

आणि माझ्याबद्दल. २ ऑक्टोबरला मी रक्त दिलं. अहवाल २० नोव्हेंबरला. डॉक्टर बास्तिदासांनी विचारलं, नक्की जाणून घ्यायचं आहे का, पुष्कळ जण घेत नाहीत. मी म्हटलं, मला न मोजलेल्या गोष्टीबरोबर राहता येत नाही. तेव्हा ते खरं होतं. आता मी पडवीत जाते तेव्हा डोळे मिटायच्या आधीच तळवे ओले होतात. काल सहा पावलं. गुरुवारी शेतात तिपाई उभी करताना स्क्रू बोटांतून निसटला आणि गवतात पडला. तो शोधायला मी खाली बसले आणि मला उठायचं नव्हतं. हातात कप असला की मी त्याच्याकडे बघत राहते. बघितलं की तो हलतो. मी हे पापांना दिसू देत नाही. त्यांच्यासमोर मी भिंतीला टेकून बोलते, म्हणजे मी उभी कशी आहे ते कळत नाही. परवा लक्षात आलं की तेही माझ्यासमोर भिंतीलाच टेकतात. दोन्ही बाजूंना एकेक जण भिंतीला टेकलेला आणि मध्ये जेवणाचं टेबल, असे आम्ही दोघं या घरात राहतो.

तुझ्या लेकीचा, आबिगाइलचा फोटो ग्लादिसनं पाठवला. दोन वर्षांची झाली. सायकलवर बसली आहे. तुला असेल की नाही हे माहीत नाही तोवर तिची शक्यता पाव. मी हा हिशेब करायला नको होता, पण तो आपोआप होतो.

परांचीवरून खाली उतर. बाकी कशाचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

हिमेना


सान अंतोनियो, २७ नोव्हेंबर

न्यान्यो,

तुझं पत्र आलं. दोन्या तार्हेलियांनी दुकानातून ओरडून बोलावलं, "ये गं, तुझ्या भावाला हात असल्याचं सिद्ध झालं." पाकिटावरचं अक्षर बघितलं तेव्हाच मला कळलं. तुझं अक्षर शाळेत बक्षीस मिळवणारं होतं.

तू लिहिलेलं मी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मी नीट वाचलं की नाही ते तुला तपासता येईल. परांची सोडून तुला सव्वा वर्ष झालं. तिसऱ्या मजल्यावरून लोखंडी नळी हातातून सुटली, खाली कोणी नव्हतं. उजवा पाय आधी, आता दोन्ही. माझं पहिलं पत्र पोचलं तेव्हा तू आधीच खाली बसून पेट्या भरत होतास. डॉक्टरकडे गेला नाहीस. तुझ्या बायकोला, लोरेनाला वाटतं तू पितोस. तू तिला नाही म्हणत नाहीस. तोंडाला वास यावा म्हणून घरी जायच्या आधी एक बियर घेतोस.

ते वाक्य मी पुष्कळ वेळा वाचलं. तू पापांसारखा कधीच नव्हतास असं मला वाटायचं.

लोरेनाला सांग. आज. तुला तिनं सोडलं नाही म्हणजे दारुड्याबरोबर राहायची तिची तयारी आहे, मग खऱ्या माणसाबरोबर राहायची असेलच. आणि डॉक्टरांकडे जा. पापांच्या अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. त्यातल्या दुसऱ्या पानावर दोषाचं नाव आहे, ते तिथल्या डॉक्टरांना दाखवलं की त्यांचे चार महिने वाचतील. आबिगाइलची तपासणी आता करायची नसते, ती मोठी झाल्यावर तिनं ठरवायचं. हे मी विचारून घेतलं.

आता माझं. हा परिच्छेद मी चार वेळा खोडला. कोणत्याही क्रमानं लिहिला तरी तसाच येतो.

माझ्यात तो दोष नाही.

२० तारखेला डॉक्टर बास्तिदासांनी कागद माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, चूक आहे, माझी पावलं सहावर आली आहेत. मी वही काढून दाखवली. त्यांनी सगळे आकडे वाचले, अगदी शेवटपर्यंत, आणि म्हणाल्या, "भीतीनं तोल जातो. तुमच्या वयाच्या कोणालाही रोज असं मोजायला लावलं तर त्याचाही जाईल." मी बसस्थानकापर्यंत चालत आले. पाय एकदाही चुकला नाही. बाकावर बसले आणि मला पहिली गोष्ट सुचली ती ही की आता तू एकटा आहेस. तेव्हा तुझं पत्र आलेलं नव्हतं. तरीही सुचलं. शक्यता अशी वाटली जात नाही, एकाला मिळालं नाही म्हणून दुसऱ्याला मिळत नाही, हे मी दुसऱ्या कोणालाही समजावून दिलं असतं.

तुला माझा राग आला तर येऊ दे. मला मात्र अजून भीती वाटते. सकाळी सातला मी अजूनही पडवीत जाते. चालत नाही, नुसती उभी राहते. तुमच्याकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो.

पापांना काही सांगू नकोस असं तू लिहिलंस. दोन्ही गोष्टी, चौऱ्याहत्तर मीटर आणि तू. ठीक आहे. मी ठरवू शकत नव्हते, तू ठरवलंस, मी पाळेन. पण ते किती अवघड आहे हे तुला कळावं म्हणून कालचं लिहिते.

पापांनी तुझं पाकीट टेबलावर पाहिलं. मी पत्र खिशात घातलं होतं, पाकीट राहिलं. ते आता खुर्चीतच असतात, खुर्ची मी खिडकीपाशी ठेवते, तिथून त्यांना पाहुणे रेषेवर चालताना दिसतात. आता दोन्या तार्हेलियांचा भाचा खेळ दाखवतो. पापांनी पाकीट हातात घेतलं, तिकीट बघितलं, अक्षर बघितलं. अक्षराकडे बराच वेळ बघत राहिले. मी भिंतीला टेकून उभी होते. आता मला टेकायची गरज नाही, पण मी टेकले.

"लिहिलं त्यानं," ते म्हणाले.

"हो."

"माझ्याबद्दल काही?"

"तुमच्या तब्येतीचं विचारलंय. तुम्ही प्यायलेले नव्हता हे त्याला कळलंय, पापा. त्यानं माफी मागितली आहे."

हे तू लिहिलेलं नाहीस. पण तू लिहिलं असतंस, असं मी धरलं.

त्यांनी मान हलवली. बाहेर कोणीतरी तोल जाऊन हसलं. पापांनी पाकीट मांडीवर ठेवलं, तळहातानं सरळ केलं. मग एकेक शब्द सुटा करून, मला नीट कळावं म्हणून, विचारलं, "तो बरा आहे ना तिथे? रेषेपासून किती लांब आहे ते?"

माझ्यासमोर दोन प्रश्न होते. मी दुसऱ्याचं उत्तर दिलं.

"सदतीस अंश, एकोणसाठ मिनिटं."

"किलोमीटरमध्ये सांग."

"चार हजार दोनशेच्या वर."

त्यांनी तो आकडा ओठांत एकदा म्हणून पाहिला.

"पुरेल," पापा म्हणाले.

हिमेना